एस्साविराचा तट नेमका कोणासाठी बांधला गेला?

समुद्रवाचक

मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावरचे एस्साविरा, म्हणजे जुन्या नकाशांतले मोगादोर, या तटबंद बंदराविषयी सध्या वाचन करतो आहे. जितके वाचावे तितका एक प्रश्न अधिकच सतावू लागला आहे, म्हणून तो येथे जाणकारांपुढे ठेवतो.

बहुतेक लेखनात एकच कथा आढळते. सुलतान सिदी मोहम्मद बिन अब्दल्ला (कारकीर्द १७५७ ते १७९०) यांनी १७६०च्या दशकात हे शहर नव्याने वसवले, तेओदोर कोर्नू या फ्रेंच अभियंत्याकडून त्याचा आराखडा करून घेतला, आणि त्यामुळे हे शहर म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या भूमीवर उभे राहिलेले अठराव्या शतकातील युरोपीय धाटणीचे लष्करी बंदर ठरले. युनेस्कोने २००१ साली येथील मदिनेचा, म्हणजे तटाच्या आतील जुन्या शहराचा, जागतिक वारसा स्थळांत समावेश केला, तेव्हाही याच वैशिष्ट्यावर भर दिला होता.

ही कथा वाचून समाधान होत नाही. समुद्राकडून येणाऱ्या शत्रूला रोखण्यासाठी एवढा तट आणि एवढ्या तोफा होत्या, तर १८४४ च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच आरमारासमोर या शहराचा टिकाव का लागला नाही? दुसरे असे की, सुलतानाला बंदरच हवे होते तर दक्षिणेला अगादीरचे चालते बंदर हाताशी असताना येथे नवे शहर वसवण्याचा खटाटोप कशासाठी? आणि आराखडा फ्रेंच, तोफा स्पेनच्या, व्यापार बव्हंशी ज्यूंच्या हाती, असे असेल तर या शहराचा वारसा नेमका कोणाचा समजायचा? ज्यांनी या प्रदेशाच्या इतिहासाचा अभ्यास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

बखरप्रेमी

आपल्या तिन्ही शंका एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि मधल्या शंकेपासून सुरुवात केली तर बाकीच्या दोन आपोआप सुटत जातात, असे मला वाटते.

१७२७ मध्ये सुलतान मौलाय इस्माईल यांचे निधन झाले आणि त्यानंतर सुमारे तीस वर्षे मोरोक्कोत गादीसाठी भाऊबंदकी, लष्कराची बंडे आणि टोळ्यांचे उठाव चालूच राहिले. सिदी मोहम्मद गादीवर बसण्यापूर्वी माराकेशचा कारभार पाहत होते. टोळ्यांकडून मिळणारा जमीनमहसूल किती बेभरवशाचा असतो आणि तो वसूल करण्यासाठी दर वेळी फौज घेऊन कसे फिरावे लागते, हे त्यांनी जवळून अनुभवले होते. त्यांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे सागरी व्यापारावरील जकात. जकातीचा पैसा बंदरातच रोख मिळतो आणि त्यासाठी डोंगराळ मुलखात मोहीम काढावी लागत नाही. मात्र त्याला एक अट होती, ती ही की व्यापार सुलतानाच्या नजरेखाली आणि त्याच्याच दारातून झाला पाहिजे.

अगादीरची अडचण नेमकी येथेच होती. ते बंदर सूस प्रांताचे, आणि सूसमधील स्थानिक सत्ताधीश या व्यापारातून स्वतः गबर होत आणि संधी मिळताच मध्यवर्ती सत्तेला जुमानेनासे होत. सिदी मोहम्मद यांनी अगादीरमधील परदेशी व्यापार बंद पाडला आणि तेथील व्यापाऱ्यांना मोगादोरला येऊन राहायला लावले. माराकेशपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास असलेले, आधीचे कोणतेही वजनदार घराणे किंवा हितसंबंध नसलेले हे ठिकाण त्यांच्या दृष्टीने सोयीचे होते. उत्तरेकडे सले आणि रबातच्या नदीमुखाशी वाळूचे बांध आडवे येतात आणि मोठ्या जहाजांना आत शिरणे जिकिरीचे होते. मोगादोरच्या उपसागरासमोर मात्र एक बेट आहे, आणि त्याच्या आडोशाला जहाजे वर्षभर नांगर टाकू शकत.

म्हणून मी या तटाकडे प्रथम जकातनाक्याचे कुंपण म्हणून पाहतो आणि त्यानंतर किल्ला म्हणून. तटातील मोजक्या दरवाजांतूनच माल आत-बाहेर होणार, माराकेशकडून, दुक्काला प्रांताकडून आणि धक्क्याकडून येणारी प्रत्येक वस्तू पहाऱ्यासमोरून जाणार, परदेशी वकील आणि व्यापारी कसब्यात, म्हणजे शहराच्या आतील राजकीय तटबंद भागात, सुलतानाच्या अधिकाऱ्यांच्या शेजारी राहणार, अशी ती रचना आहे. शत्रूला बाहेर ठेवण्याइतकेच व्यापाऱ्याला आत ठेवणे हेही या भिंतींचे काम होते.

१८४४ चा प्रसंग या दृष्टीने पाहिला तर फार बोलका ठरतो. अल्जीरियात फ्रेंचांशी लढणाऱ्या अमीर अब्दुलकादिर यांना मोरोक्कोने आश्रय आणि साहाय्य दिले, त्यावरून युद्ध पेटले. ६ ऑगस्टला प्रिन्स द जुआँव्हिल या फ्रेंच नौसेनानीच्या आरमाराने तांजेरवर तोफा डागल्या, १४ तारखेला इस्लीच्या लढाईत मोरोक्कोच्या फौजेचा पराभव झाला, आणि लगेच दुसऱ्या दिवशी त्याच आरमाराने मोगादोरवर हल्ला चढवला. शहरातील तोफांनी उत्तर दिले, परंतु त्या गप्प करण्यात आल्या; फ्रेंच सैन्य बेटावर उतरले, तेथे चिवट झुंज झाली आणि बेट पडले. त्यानंतर धक्क्याजवळच्या तोफा निकामी करण्यात आल्या, पण फ्रेंचांनी शहर ताब्यात घेतले नाही. शहराची खरी दुर्दशा झाली ती त्यानंतर. अंमल ढिला पडल्याचे पाहून आसपासच्या मुलखातील टोळ्या आत घुसल्या, त्यांनी लूटमार आणि जाळपोळ केली, आणि त्याचा सर्वाधिक फटका ज्यू वस्तीला बसला. सुलतानाची हुकमत मोडली आणि तिच्याबरोबर तटाचा धाकही गेला, असे या घटनाक्रमावरून स्पष्ट दिसते.

पाषाणवेध

बखरप्रेमी यांच्या विवेचनातील महसुलाचा भाग मला पूर्ण मान्य आहे, परंतु तटाचे लष्करी महत्त्व त्यांनी जरा अधिकच कमी लेखले आहे, असे माझे मत आहे. ज्या सुलतानाने १७६९ मध्ये पोर्तुगीजांना मझगानमधून, म्हणजे आजच्या एल जदीदामधून, कायमचे घालवले, त्याला समुद्राकडून येणारा शत्रू काय करू शकतो याची पुरेपूर जाणीव होती. खुद्द मोगादोरला १५०६ मध्ये पोर्तुगालचा राजा मानुएल पहिला याच्या आज्ञेवरून ‘कास्तेलो रेआल’ नावाचा किल्ला उभारला गेला होता. भोवतालच्या लोकांच्या प्रतिकारामुळे तो पोर्तुगीजांना थोडीच वर्षे राखता आला. बेटावरही मोर्चे बांधून तोफा ठेवल्या होत्या, म्हणजे बेट आणि शहर या दोहोंच्या माऱ्यात उपसागराचे तोंड यावे, असा विचार त्यामागे होता. केवळ जकात वसूल करायची असती तर एवढा खर्च कोणी केला नसता. १८४४ मध्ये हा बेत फसला तो तट कच्चा होता म्हणून नव्हे. मधल्या ऐंशी वर्षांत युरोपातील आरमारांचे बळ कुठल्या कुठे गेले होते आणि येथील तोफा बव्हंशी अठराव्या शतकातच राहिल्या होत्या.

आता आराखड्याविषयी. कोर्नू हा मूळचा आव्हिन्यों येथील होता आणि मोरोक्कोत येण्यापूर्वी त्याने फ्रान्सच्या रुसियों प्रांतातील तटबंदीवर काम केले होते. त्याने काढलेला मोगादोरचा नकाशा पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, त्यावर १७६७ हे साल आहे, आणि त्याच सुमारास तो येथून गेला. पर्यटकांसाठीच्या काही पुस्तिकांत त्याला वोबाँ या विख्यात फ्रेंच दुर्गअभियंत्याचा शिष्य म्हटलेले असते, त्यात तथ्य नाही. वोबाँचे निधन १७०७ मध्येच झाले होते. वोबाँच्या परंपरेत घडलेला अभियंता, एवढेच म्हणणे योग्य ठरेल.

महत्त्वाची गोष्ट अशी की, कोर्नू गेल्यावरही शहराचे बांधकाम थांबले नाही. बंदराकडील दरवाजा, बाब अल-मर्सा, निवांतपणे पाहण्यासारखा आहे. कमानीच्या दोन्ही बाजूंना खांब आणि वर त्रिकोणी शिखर, असा त्याचा तोंडवळा युरोपीय अभिजात वास्तूचा आहे, त्याच शिखरावर चंद्रकोरी कोरलेल्या आहेत, आणि हा दरवाजा सुलतानाच्या आज्ञेने अहमद नावाच्या सेवकाने हिजरी ११८४ मध्ये (इ.स. १७७० ते १७७१) बांधला, असे अरबी शिलालेख सांगतो. हा अहमद म्हणजे इस्लाम स्वीकारून सुलतानाच्या चाकरीत शिरलेला इंग्रज होता, असे परंपरा मानते. एकाच दरवाजात हे सारे एकत्र आलेले आहे, आणि त्यातून कोणता भाग कोणाचा हे वेगळे काढू गेल्यास हाती काहीच उरत नाही.

शहराची आतील ठेवणही अशीच आहे. दुक्काला दरवाजापासून बंदराकडे सरळ जाणारा मुख्य रस्ता, त्याला छेदणारा माराकेश दरवाजाकडचा रस्ता, आणि दुतर्फा कमानी असलेले बाजाराचे चौक, ही शिस्त मोरोक्कोच्या फेजसारख्या जुन्या शहरांत आढळत नाही. मात्र या सरळ रस्त्यावरून बाजूच्या गल्लीत वळले की बोळ, बंद तोंडाच्या गल्ल्या, गल्लीवरून पूल टाकावा तशा बांधलेल्या खोल्या आणि अंगणाभोवती रचलेली घरे लागतात, आणि ती सारी मोरोक्कोच्या मदिनेची जुनी रीत आहे. कोर्नूने कागदावर रेषा आखल्या. त्या रेषांमधील जागा भरली ती स्थानिक गवंड्यांनी आणि तेथे राहायला आलेल्या कुटुंबांनी. ‘फ्रेंच शहर’ हे वर्णन वापरताना या दुसऱ्या भागाचा विसर पडतो, आणि त्याचे मला खरोखर वाईट वाटते.

समुद्रवाचक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. जकात आणि संरक्षण ही दोन्ही कारणे एकाच भिंतीत कशी सामावली, हे आता ध्यानात आले. परंतु ज्यू व्यापाऱ्यांविषयीचा प्रश्न अजून शिल्लक आहे. सुलतानाने त्यांनाच का निवडले, आणि १८०७ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा मेल्लाह, म्हणजे स्वतंत्र तटबंद मोहल्ला, करण्याची वेळ का आली? शिवाय सहारापार व्यापाराचा उल्लेख सगळीकडे होतो, पण त्यात नेमके काय येत-जात होते हे फारसे कोणी लिहीत नाही.

तांडा आणि तारू

व्यापाराची बाजू मी थोडी सांगू शकेन.

सिदी मोहम्मद यांनी मोरोक्कोच्या इतर शहरांतील निवडक ज्यू घराण्यांना मोगादोरला प्रतिनिधी पाठवण्यास सांगितले. या व्यापाऱ्यांना ‘तुज्जार अस-सुलतान’, म्हणजे सुलतानाचे व्यापारी, असा दर्जा मिळाला. कसब्यात राहायला घरे आणि व्यापारासाठी राजकोषातून भांडवल मिळाले. लंडन, आम्सटरडॅम, लिव्होर्नो अशा ठिकाणी त्यांचे नातेवाईक किंवा विश्वासू अडते असल्याने हुंड्या आणि पत सांभाळणे त्यांना जमत असे. सुलतानाचाही यात मोठा लाभ होता. ज्यू व्यापाऱ्यामागे एखादी सशस्त्र टोळी उभी नसे, त्यामुळे तो कितीही श्रीमंत झाला तरी गादीला धोका नव्हता. शिवाय कर्जाने आणि संरक्षणाने तो राजाशी कायमचा बांधला जाई. या व्यवस्थेला मी सहिष्णुतेचे चित्र म्हणणार नाही. तिच्यात परस्परांची गरज होती, सन्मान होता आणि परावलंबनही होते.

त्यांची घरे पाहिली म्हणजे धंद्याचे स्वरूप कळते. मधोमध चौक, तळमजल्यावर चौकाभोवती मालाच्या वखारी, वर गॅलरीच्या आधाराने कुटुंबाच्या राहण्याच्या खोल्या; उंट दारात बसवून माल उतरवला की तो थेट वखारीत जाई. बाहेर जाणाऱ्या मालात बदाम, डिंक, मेण, ऑलिव्हचे तेल आणि बकऱ्यांची कातडी हा जवळच्या मुलखातील माल असे, आणि तिंबक्तूच्या वाटेने येणारे सुवर्णचूर्ण, हस्तिदंत आणि शहामृगाची पिसे यांची त्यात भर पडे. आत येणाऱ्या मालात इंग्लंडचे सुती कापड, लोखंड आणि चहा. मोरोक्कोत आज घरोघरी होणारा पुदिन्याचा चहा एकोणिसाव्या शतकात अंतर्भागात पोचला, त्यात मोगादोरच्या या व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता.

त्याच तांड्यांबरोबर सहाराच्या पलीकडून गुलाम म्हणून पकडलेली माणसेही आणली जात. पिसे आणि सोने यांच्या यादीत त्यांना बसवून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही, म्हणून वेगळे लिहितो. या माणसांनी आणि त्यांच्या वंशजांनी आपले देव, दुःख आणि ताल यांतून जी परंपरा घडवली ती म्हणजे ग्नावा. तीन तारांचे घुमणारे गेंब्री, लोखंडी कर्कब्यांचा खणखणाट आणि रात्रभर चालणारा, रोगनिवारणासाठी मांडलेला ‘लीला’ हा विधी आजही एस्साविरात जिवंत आहे. पैगंबरांचे सहकारी हजरत बिलाल यांच्या नावाची ग्नावांची झाविया, म्हणजे मठ, येथेच आहे. १९९८ पासून या शहरात ग्नावा संगीताचा महोत्सव भरतो आणि २०१९ मध्ये युनेस्कोने ग्नावा परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. ज्यांना या शहरात विकत आणले गेले त्यांच्याच परंपरेमुळे आज या शहराला जगभर ओळखले जाते, याहून मोठी दखल तटावरील कोणत्याही तोफेला मिळालेली नाही.

आता मेल्लाहविषयी. सुलतान मौलाय स्लिमान यांच्या काळात, १८०७ मध्ये, सामान्य ज्यूंना मुस्लिम वस्तीतून उठवून शहराच्या उत्तरेकडील कोपऱ्यात स्वतंत्र मोहल्ल्यात राहायला लावले गेले. मोठे व्यापारी मात्र कसब्यातच राहिले. त्यामुळे एकाच समाजात दोन थर पडले: एकीकडे कसब्यातील प्रशस्त चौकाची घरे आणि दुसरीकडे लाटांच्या मारात उभ्या, एकेका खोलीत एकेक कुटुंब असलेल्या मेल्लाहच्या चाळवजा इमारती. शहराच्या लोकसंख्येत ज्यूंचे प्रमाण एकोणिसाव्या शतकात फार मोठे होते. १९४८ नंतर, आणि १९६७ पर्यंत बव्हंशी सर्वच, ही मंडळी इस्रायल, फ्रान्स, कॅनडा अशा देशांत निघून गेली. रब्बी हाईम पिंटो (निधन १८४५) यांच्या समाधीच्या यात्रेसाठी त्यांचे वंशज आजही दरवर्षी येथे येतात.

बखरप्रेमी

पाषाणवेध यांचा आक्षेप रास्त आहे. बेटावरील मोर्चांचा विचार करता जकात आणि संरक्षण यांत पहिला मान कोणाला, हा वाद फार ताणण्यात अर्थ नाही.

शहराच्या उतरत्या काळाविषयी थोडे लिहितो, कारण आजचा तट शाबूत राहण्याशी त्याचा थेट संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेची मोठी जहाजे आली आणि त्यांना हा उथळ उपसागर अपुरा पडू लागला. सहारातील व्यापार फ्रेंचांनी सेनेगालच्या बाजूने वळवला. १९१२ मध्ये फ्रेंच संरक्षित राज्य आले तेव्हा सारा भर कॅसाब्लांकाच्या बंदरावर दिला गेला, पुढे अगादीरही पुन्हा वर आले, आणि मोगादोरपर्यंत रेल्वे कधी पोचलीच नाही. मग उरले ते सार्डिन माशांचे बंदर, लाकडी होड्या बांधणारे सुतार आणि थुया लाकडावर जडावकाम करणारे कारागीर. पैसा नव्हता म्हणून तट पाडून रुंद रस्ते काढण्याची घाई कोणी केली नाही.

पाषाणवेध

तट शाबूत आहे हे खरे, तरी त्याला आज समुद्राचाच मोठा धोका आहे. येथील बांधकामाचा दगड म्हणजे वाळू आणि शंखशिंपल्यांचा चुरा घट्ट होऊन बनलेला सच्छिद्र वालुकाश्म. येथे वर्षातील बहुतेक काळ जोराचा वारा वाहतो, तो खारे तुषार दगडात मुरवतो; पाणी सुकले की मिठाचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात आणि आतून दगड फोडत जातात. समुद्राकडील तटाच्या काही भागांत जवळ जाऊन पाहिले तर दगडाचा गाभा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोखरलेला आणि सांध्यांतील चुना मात्र जाळीसारखा पुढे आलेला दिसतो. अशा जागी डागडुजी करताना सिमेंट वापरले की ओलावा आतच कोंडतो आणि शेजारचा दगड अधिक वेगाने झडतो. म्हणून चुन्याचा दर्जा आणि त्याच जातीचा दगड यांचा आग्रह धरावा लागतो.

सर्वांत बिकट अवस्था मेल्लाहची झाली. मालक परदेशी गेलेले, घरांत गरीब भाडेकरू, आणि समुद्राकडच्या भिंतींवर वर्षानुवर्षे देखभाल नाही; तेथील कित्येक इमारती कोसळल्या किंवा पाडाव्या लागल्या. गेल्या काही वर्षांत चित्र थोडे पालटले आहे. मदिनेतील सिमोन आत्तियास सिनेगॉगची डागडुजी करून तेथे ‘बैत दाकिरा’, म्हणजे स्मृतिगृह, उभारण्यात आले आणि जानेवारी २०२० मध्ये राजे मोहम्मद सहावे यांनी त्यास भेट दिली. ज्यू आणि मुस्लिम यांच्या सामायिक इतिहासाची कागदपत्रे, वस्तू आणि छायाचित्रे तेथे मांडलेली आहेत.

समुद्रवाचक यांनी प्रत्यक्ष जायचे ठरवल्यास कसब्याच्या स्कालावर, म्हणजे समुद्राकडील तोफांच्या सज्ज्यावर, जरूर जावे. वर स्पेनमध्ये ओतलेल्या कांस्य तोफा चर्यांच्या फटींतून समुद्राकडे तोंड करून रांगेने मांडलेल्या आहेत. परंतु त्यांच्या खालच्या कमानदार कोठारांत, जेथे पूर्वी दारूगोळा ठेवला जाई, तेथे आता थुयाचे कारागीर बसतात, आणि तटाची खरी जाडी किती आहे हे त्यांच्या दुकानात उभे राहिल्यावरच समजते.

समुद्रवाचक

पाषाणवेध, आपण सांगितलेली कोठारे आणि बाब अल-मर्सावरील शिलालेख ही दोन्ही नावे टिपून ठेवली आहेत. एक शेवटची शंका: समोरच्या बेटावर सर्वसामान्य प्रवाशाला जाता येते का? तेथे फिनिशियन लोकांचे अवशेष मिळाले आहेत, असे वाचले.

तांडा आणि तारू

बेट संरक्षित आहे. एलिओनोरा ससाण्यांची मोठी वसाहत तेथे विणीसाठी येते, म्हणून परवानगीशिवाय उतरता येत नाही. होडीतून भोवती फेरी मारता येते. इसवी सनपूर्व सातव्या शतकातील फिनिशियन व्यापाऱ्यांच्या मुक्कामाच्या खुणा तेथील उत्खननात सापडल्या, आणि पुढे प्राचीन मॉरेटानियाचा (आजच्या मॉरिटानिया देशाचा नव्हे) राजा जुबा दुसरा याच्या काळात या परिसरात समुद्री गोगलगायींपासून जांभळा रंग काढण्याचा उद्योग चाले. एकोणिसाव्या शतकात मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंना रोगराईच्या भीतीने याच बेटावर थांबवून ठेवत, आणि त्या शतकाच्या अखेरीस सुलतानाविरुद्ध बंड करणाऱ्या कैद्यांसाठी तेथे तुरुंग झाला. त्या तुरुंगाच्या भिंती आणि मशिदीचा मनोरा किनाऱ्यावरूनही दिसतो. बंदराच्या स्कालावरून पाहिल्यास सर्वांत स्पष्ट.